संन्यासी मुख्याध्यापक

नांदेड शहराजवळ विष्णुपुरी येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांतील हजारो विद्यार्थ्यांच्या पदवीपत्रांवर हे नाव छापलेले असते. ज्यांच्या नावाने हे विद्यापीठ ओळखले जाते, ते स्वतः मात्र कोणत्याही विद्यापीठाचे कुलगुरू नव्हते. ते एका खेडेगावातील शाळेचे मुख्याध्यापक होते. त्या गावी आगगाडी जात नव्हती आणि शाळेत शिकवणाऱ्यांना धनलाभाची आशा नव्हती.

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी आजच्या कर्नाटकातील सिंदगी या गावी झाला. पुढील शिक्षणासाठी ते सोलापूरला आले. १९२० साली लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि त्याच सुमारास महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली. सरकारी शाळा सोडून बाहेर पडणाऱ्या मुलांमध्ये व्यंकटेशही होता. आपले सारे आयुष्य देशाच्या कामी लावावयाचे व त्यासाठी अविवाहित राहावयाचे, असा निश्चय त्याने त्या कोवळ्या वयात केला. अशा वयात निश्चय पुष्कळजण करतात. तो पन्नास वर्षे पाळणारे थोडे. पुढे अमळनेर व पुणे येथे राष्ट्रीय शिक्षण देणाऱ्या संस्थांत त्यांनी अभ्यास पुरा केला. त्यानंतर काही काळ ते कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांचे साहाय्यक होते. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या चाळींत रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालवणारी सोशल सर्व्हिस लीग ही संस्था याच जोशींनी १९११ साली स्थापली होती. लोकांची सेवा नेटकेपणाने कशी करावी, याचे धडे तरुण व्यंकटेशरावांना तेथे मिळाले. परंतु आजारपणाने त्यांना गाठले आणि ते काम सोडावे लागले.

त्या काळी जगभर मुलांच्या पथकांची एक नवी चळवळ पसरत होती. इंग्लंडमधील बेडन पॉवेल या सेनाधिकाऱ्याने १९०७ साली ब्राउन्सी नावाच्या बेटावर वीस मुलांना नेऊन तंबूत ठेवले. स्वयंपाक करणे, गाठी मारणे, वाट शोधणे, जखमेवर पट्टी बांधणे अशा गोष्टी ती मुले स्वतः करून शिकली. त्यातून स्काऊट चळवळ जन्मास आली. भारतात ती दोन वर्षांतच पोहोचली. पण आरंभी तिच्या पथकांत भारतीय मुलांना प्रवेश नव्हता! तेव्हा मद्रासला ॲनी बेझंट यांनी आणि अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय मुलांसाठी स्वतंत्र स्काऊट पथके उभारली. १९२३ साली डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी हिंदुस्थानी सेवा दल स्थापन केले. यात्रेत गर्दी आवरावी, साथीच्या रोगात औषध पोहोचवावे, गाव झाडावे, ही कामे या पथकांतील मुले करू लागली.

मराठवाड्यात मात्र हे सोपे नव्हते. नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद व उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. लातूर हा तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १९८२ साली उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा निघाला. निजामाच्या राज्यात तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारे लोक बहुसंख्य होते. पण सरकारी शाळांतील वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून चाले. खाजगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी हवी. तालीम काढावयाची तरी परवानगी हवी. १९२९ साली गश्ती निशाण ५३ या नावाचे फर्मान निघाले आणि सभा भरवण्यासही आधी परवाना काढावा लागू लागला. दहा मुलांनी रांगेत उभे राहून कवायत केली, तरी अंमलदाराची भुवई वर चढावी, असे ते दिवस होते.

नेमक्या त्याच वर्षी, १९२९ साली, व्यंकटेशराव हिप्परगा या गावी राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक म्हणून आले. हे गाव आज धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात आहे. तेथील ही शाळा १९२१ साली, असहकाराच्या लाटेत, व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी सुरू केली होती. शिक्षण मातृभाषेतून दिले जाई. विद्यार्थी आणि शिक्षक एकत्र राहत. अशा राष्ट्रीय शाळांची रीत ठरलेली असे. पहाटे उठावे, प्रार्थना करावी, व्यायाम करावा, सूत कातावे, खादी वापरावी आणि आपली कामे आपण करावीत. घरी ज्या मुलाने कधी केरसुणी हातात धरली नाही, त्यालाही येथे सुटका नसे.

मुख्याध्यापक मुलांच्या सोबत राहतो तेव्हा त्याची मोठी परीक्षा असते. वर्गात तासभर आदर्श दिसणे कठीण नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत पन्नास जोडी डोळे पाहत असताना तसे राहणे, हे खरे अवघड. मुले भाषणे विसरतात. पण गुरुजी स्वतः लवकर उठतात की नाही, हे ती कधी विसरत नाहीत. स्काऊटच्या पथकनायकालाही हाच नियम लागू पडतो. व्यंकटेशराव या परीक्षेस उतरले. येथेच असताना त्यांनी संन्यासाची दीक्षा घेतली आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यासी म्हटला की तो घरदार सोडून हिमालयाची वाट धरणार, अशी आपली समजूत असते. या संन्याशाने भगवी वस्त्रे धारण केली आणि तो पुन्हा शाळेत शिकवावयास गेला.

१९३५ साली स्वामीजी अंबाजोगाईला आले. बालाघाटच्या डोंगररांगेतील या गावाला तेव्हा सरकारी कागदांत मोमिनाबाद म्हणत. तेथील योगेश्वरी नूतन विद्यालय ही शाळा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नावारूपास आणली. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे ध्येयवादी शिक्षक तेथे होते. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून मुले शिकण्यासाठी येऊ लागली. शाळेचे नाव झाले, इमारतीला मुले पुरेनात, मुख्याध्यापकांना मान मिळू लागला. एखादा माणूस येथे स्थिरावला असता आणि त्याने उरलेले आयुष्य समाधानात घालवले असते, तर त्याला कोणी नावे ठेवली नसती.

पण स्वामीजींपुढे एक कठीण प्रश्न होता. मुलांना आपण निर्भय व्हावयास शिकवतो, आणि ज्या राज्यात आपण राहतो तेथे सभा भरवण्यासही परवाना लागतो. मुलांना धीट व्हा म्हणावयाचे आणि आपण शाळेच्या चार भिंतींत सुरक्षित बसावयाचे, हे कसे जमावे? दुसऱ्या बाजूला शाळेची काळजी होती. मुख्याध्यापक राजकारणात पडला तर शाळेवर संकट यावयाचे. म्हणून त्यांनी दोन्ही गोष्टी एकदम धरून ठेवण्याचा मोह टाळला. लोकांच्या हक्कांसाठी महाराष्ट्र परिषद ही संस्था निघाली होती. तिचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला आणि दुसरे १९३८ साली लातूरला भरले. त्याच वर्षी स्वामीजींनी शाळा सोडली. जी शाळा त्यांनी वाढवली होती, ती सहकाऱ्यांच्या हाती देऊन ते रिकाम्या हाताने बाहेर पडले.

हैदराबाद स्टेट काँग्रेस ही संस्था स्थापन होण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि सत्याग्रहींच्या पहिल्या तुकड्यांतच स्वामीजी तुरुंगात गेले. आधी आपण आणि मग इतर, हा हिप्परग्याचा क्रम त्यांनी येथेही मोडला नाही.

मग तरुण मागे कसे राहतील? त्याच हिवाळ्यात औरंगाबादच्या महाविद्यालयात व हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याचा हक्क मागितला. त्यांना वसतिगृहांतून व वर्गांतून काढून टाकण्यात आले. परीक्षा बुडाली, वर्ष गेले. पण त्यांनी माघार घेतली नाही. त्यांतील कित्येकांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे घेतले. पुढे १९९१ साली भारताचे पंतप्रधान झालेले पां. वें. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. ते स्वामीजींना आपले मार्गदर्शक मानीत.

हा लढा एका धर्माच्या लोकांनी दुसऱ्या धर्माच्या लोकांविरुद्ध चालवलेला आहे असे कोणी म्हणू नये, याविषयी स्वामीजी फार जागरूक होते. तो राज्यकारभारातील अन्यायाविरुद्ध होता. शोएबुल्ला खान या तरुण मुस्लिम संपादकाने हैदराबादमध्ये राहून भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहिले आणि १९४८ च्या ऑगस्टमध्ये त्यासाठी आपले प्राण दिले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला. पण निजामाचे राज्य भारताबाहेरच राहिले. त्या दिवशी स्वामीजींनी हैदराबाद शहरात तिरंगा फडकावला आणि त्याच दिवशी त्यांना अटक झाली. मराठवाड्यात तरुणांची पथके कामास लागली. सरकारला ताडी-शिंदीच्या धंद्यातून उत्पन्न मिळे, म्हणून शिंदीची झाडे तोडली गेली. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यांवर हल्ले झाले. रझाकारांच्या जुलमाने गावेच्या गावे ओस पडू लागली, तेव्हा सरहद्दीपलीकडे छावण्या उघडल्या गेल्या. नांदेडकडील तरुण पैनगंगा ओलांडून उमरखेडच्या छावणीत जात; उस्मानाबादकडील बार्शीच्या बाजूस जात. खेळातल्या पथकांपेक्षा हे फार वेगळे होते. काहींनी येथे शस्त्रेही हाती घेतली आणि कित्येकजण परत आले नाहीत. या काळाचा मोठा भाग स्वामीजींनी तुरुंगात काढला. नेता गजांआड असताना अनुयायी कसे वागतात, यावरून त्या नेत्याने त्यांना काय दिले ते कळते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरले. पहिल्याच दिवशी त्याने नळदुर्ग घेतला. हिप्परग्याचे गाव तेथून फार दूर नाही. १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. आपल्या शाळांत दरवर्षी त्या तारखेला जे ध्वजवंदन होते, ते याच दिवसाच्या स्मरणासाठी.

मुक्तीनंतर स्वामीजी सत्तेच्या खुर्चीवर बसतील, असे पुष्कळांना वाटले होते. त्यांनी मंत्रिपद घेतले नाही. १९५२ साली गुलबर्ग्याहून आणि १९५७ साली औरंगाबादहून ते लोकसभेवर निवडून गेले. हैदराबाद राज्याचे भाषेनुसार तीन भाग करून ते शेजारच्या राज्यांना जोडावेत, असा त्यांचा आग्रह होता. ज्या राज्याच्या मुक्तीसाठी आपण तुरुंग भोगला, त्याचे नावच नकाशावरून जावे असे म्हणणे सोपे नव्हते. परंतु मुलाला आपल्या भाषेत शिकता यावे, हा त्यांचा हिप्परग्यापासूनचा आग्रह होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तसे घडले.

शिक्षकाचा पिंड मात्र कायम राहिला. मुक्तीनंतर दोनच वर्षांनी, १९५० साली, त्यांच्या पुढाकाराने नांदेड एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. गोदावरीकाठच्या मुलांना पदवीसाठी हैदराबाद वा औरंगाबाद गाठावे लागे, ती अडचण दूर झाली. विनोबाजींच्या भूदान चळवळीतही ते सहभागी झाले आणि गावोगाव हिंडले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे देहावसान झाले.

स्वामीजींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खादीचे जे काम वाढवले, ते मराठवाड्यात अजून चालू आहे. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे हातमागावर जाड खादी विणली जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत त्या खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात. कापडाची वीण, तिन्ही रंगांच्या छटा आणि अशोकचक्राचे चोवीस आरे ठरलेल्या मापाप्रमाणे तपासूनच ध्वज तेथून बाहेर पडतो, आणि देशातील निरनिराळ्या इमारतींवर चढतो.