एक लढाई, तीन कॅमेरे : अकिरा कुरोसावांनी ॲक्शन सीन शूट करायची पद्धत कशी बदलली?

डाकूंपासून गाव वाचवायला भाडोत्री लढवय्ये आणायचे, ही गोष्ट म्हटली की आपल्याला ‘शोले’ आठवतो. पण ‘शोले’च्या २१ वर्षं आधी, १९५४ साली जपानमध्ये ‘सेव्हन सामुराई’ आला होता. दिग्दर्शक होते अकिरा कुरोसावा.

कुरोसावांचा जन्म १९१० चा, टोकियोचा. त्यांना व्हायचं होतं चित्रकार. सिनेमाचं वेड लावलं ते थोरल्या भावानं. तो मूकपटांच्या वेळी पडद्याशेजारी बसून प्रेक्षकांना गोष्ट सांगायचा. बोलपट आले, ते काम संपलं आणि १९३३ साली भावानं आत्महत्या केली. तीन वर्षांनी कुरोसावा सहायक दिग्दर्शक म्हणून स्टुडिओत लागले. १९५१ साली ‘राशोमोन’ला व्हेनिसमध्ये सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि जगाला त्यांचं नाव कळलं.

मग आला ‘सेव्हन सामुराई’. शेवटची लढाई भर पावसात, चिखलात, घोड्यांच्या टापांखाली. तेव्हाची नेहमीची पद्धत म्हणजे एकच कॅमेरा. एक शॉट घ्यायचा, थांबायचं, कॅमेरा हलवायचा आणि नटानं तीच हालचाल पुन्हा करायची. पण घसरून पडलेला घोडा पुन्हा तसाच कसा पडणार? उडालेला चिखल पुन्हा तिथेच कसा उडणार?

म्हणून कुरोसावांनी एकाच वेळी तीन कॅमेरे लावले. पहिला नेहमीच्या जागी, म्हणजे अख्खा प्रसंग दिसेल असा. दुसरा नेमक्या, निर्णायक क्षणांसाठी. आणि तिसरा गनिमी काव्याचा, कुठूनही काहीही टिपणारा. काही शॉट लांबून टेलिफोटो लेन्सनं घेतले. या लेन्समुळे पुढचं-मागचं अंतर कमी दिसतं, त्यामुळे माणसं, घोडे, भाले एकमेकांवर आदळतायत असं वाटतं. एकाहून जास्त कॅमेरे वापरणारे ते काही पहिले नव्हते, पण त्याची अशी शिस्तशीर पद्धत त्यांनी बसवली.

यात खर्च मात्र प्रचंड. तीन कॅमेरे म्हणजे तिप्पट फिल्म. तोहो स्टुडिओनं वैतागून शूटिंग एकापेक्षा जास्त वेळा बंद पाडलं. कुरोसावा निवांत मासे पकडायला गेले! इतके पैसे ओतल्यावर स्टुडिओ सिनेमा अर्धवट सोडणार नाही, हा त्यांचा हिशोब होता आणि तो बरोबर निघाला. शेवटची लढाई लांबत लांबत १९५४ च्या फेब्रुवारीत गेली. कडाक्याच्या थंडीत नट कृत्रिम पावसात, गुडघाभर चिखलात लढत होते.

खरी गंमत एडिटिंगची. कुरोसावा स्वतः एडिट करायचे, तेही शूटिंग चालू असतानाच. तिन्ही कॅमेऱ्यांनी तोच क्षण टिपलेला असल्यामुळे एका शॉटमध्ये सुरू झालेली हालचाल दुसऱ्या शॉटमध्ये पूर्ण करता यायची आणि कट डोळ्याला खटकत नसे. नुसते जास्त कॅमेरे लावून हे होत नाही. आजच्या कित्येक ॲक्शन सीनमध्ये कोण कुणाला मारतंय तेच कळत नाही. इथे मात्र गावाचा नकाशा आधीच प्रेक्षकाच्या डोक्यात पक्का बसवलेला असतो.

पुढे साध्या संवादांनाही ते ही पद्धत वापरू लागले. आपला कोणता शॉट वापरला जाईल हे नटाला माहीत नसायचं, त्यामुळे तो कॅमेऱ्याकडे बघून अभिनय करत नसे.

१९७० नंतर मात्र काम मिळेनासं झालं. १९७१ साली त्यांनी आयुष्य संपवण्याचाही प्रयत्न केला. त्यातून ते वाचले, सोव्हिएत रशियात जाऊन ‘देर्सू उझाला’ केला आणि त्याला ऑस्कर मिळालं.

१९८५ च्या ‘रान’साठी तर माउंट फुजीच्या उतारावर खराखुरा किल्ला उभारून जाळला. आगीतून पायऱ्या उतरत येणारे नट तात्सुया नाकादाई अडखळले असते, तर दुसरा किल्ला नव्हता. वेगवेगळ्या कोनांतले कॅमेरे एकदम सुरू झाले आणि सीन एकाच टेकमध्ये झाला. कुरोसावा तेव्हा पंचाहत्तरीला आले होते. त्यानंतरही त्यांनी तीन सिनेमे केले. ६ सप्टेंबर १९९८ रोजी टोकियोत त्यांचं निधन झालं.