अक्षरांच्या अटी पाळणारा मयूर

अंधेरीहून चर्चगेटकडे निघालेल्या लोकलमध्ये हल्ली अनेकांची बोटे मोबाइलवर इंग्रजी अक्षरे जुळवण्यात गुंतलेली दिसतात. अमुक अक्षर हवे, तमुक नको, तिसरे शेवटीच यावे. या अटींत बसणारा शब्द आठवेना, तर संगणक क्षणात यादी पुढे करतो. हा नाद पाश्चात्त्यांकडून आला, असे आपण सहज मानतो. परंतु अठराव्या शतकात कऱ्हेकाठच्या बारामतीत एका मराठी कवीने याहून कितीतरी कठीण अटी स्वतःला घालून घेतल्या आणि त्या पाळून काव्यामागून काव्य रचले. ते कवी म्हणजे मोरेश्वर रामचंद्र पराडकर, अर्थात मोरोपंत.

पराडकर घराणे मूळचे कोकणातील, राजापूर परिसरातील सौंदळचे. मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळगडावर झाला. बालपण आणि तारुण्याचा आरंभही तेथेच गेला. केशव पाध्ये व गणेश पाध्ये या विद्वान बंधूंकडे त्यांनी संस्कृत काव्य आणि शास्त्रांचे अध्ययन केले. पुढे पराडकर कुटुंब बारामतीस आले. पेशव्यांचे सोयरे व सावकार बाबूजी नाईक यांचा आश्रय मोरोपंतांना लाभला. पुराण सांगावे, ग्रंथ वाचावेत आणि काव्य लिहावे, असा त्यांचा आयुष्यक्रम ठरून गेला. दरबारी धामधुमीपासून दूर असलेल्या या शांत, गृहस्थी जीवनात त्यांच्या लेखणीला खंड पडला नाही.

त्या काळच्या संस्कृत शिक्षणात अमरकोश मुखोद्गत असे. एकाच वस्तूची दहा-बारा नावे जिभेवर खेळत असल्याने वृत्तात एक शब्द बसला नाही, तर दुसरा हाताशी तयार असे. आज संगणक देतो ती यादी तेव्हा डोक्यात साठवलेली असे. या भांडवलावरच मोरोपंतांनी संपूर्ण महाभारत मराठीत आणले. त्यांच्या ‘आर्याभारता’त सतरा हजारांहून अधिक आर्या आहेत. ज्याला आपण त्यांची आर्या म्हणतो, ते बहुतांशी गीतिवृत्त असून त्याच्या प्रत्येक अर्धात तीस मात्रा मोजून बसवाव्या लागतात. त्यावर पंतांनी यमकाचे बंधनही आवडीने स्वीकारले.

मात्र त्यांच्या अक्षरक्रीडेचा कळस दिसतो तो रामायणांत. पंतांच्या नावावर १०८ रामायणे सांगितली जातात. कथा तीच आणि नायकही तोच, पण अनेक रामायणांमागचा नियम निराळा. ‘मंत्ररामायणा’त ‘श्रीराम जयराम जय जय राम’ या तेरा अक्षरांच्या मंत्राची गुंफण आहे. कथा तर पुढे सरकली पाहिजे आणि मंत्राचे अक्षरही ठरल्या जागी आले पाहिजे, अशी ही दुहेरी कसरत.

‘निरोष्ठ रामायणा’ची अट याहून कठोर. ओठांना ओठ लागून उच्चारली जाणारी प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात वर्ज्य. वाचकांनी क्षणभर या अटीचा अर्थ मनात आणून पाहावा. ‘म’ नाही, म्हणजे ‘राम’ हे नावच लिहिता येत नाही. लक्ष्मण, भरत, हनुमान, बिभीषण आणि कुंभकर्ण यांनाही त्यांच्या नावाने प्रवेश नाही. सीता, जानकी आणि दशरथ मात्र सुटतात. रामाला दाशरथि म्हणावे, अशा वाटांनीच कवीला जावे लागते. इतकेच काय, मोरोपंत हे नाव आणि मयूर ही काव्यातील मुद्राही या नियमाने बाद ठरते. ज्या नामाचा जप करायचा, तेच ओठांवर येऊ न देता त्या देवाची कथा सांगायची, हे साहस रामभक्ताने करावे याचे नवल वाटते.

या खेळाला संस्कृतात जुनी परंपरा आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त प्रियेने ओठांचा चावा घेतलेला मंत्रगुप्त आपली कथा ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक यांनी १९६९ मध्ये ‘ई’ हे अक्षर संपूर्णपणे टाळून कादंबरी लिहिली, तेव्हा तिचे जगभर कौतुक झाले. पंतांचे निरोष्ठ रामायण त्याआधी पावणेदोनशेहून अधिक वर्षे मराठीत होते.

अशा कवीवर आक्षेप येणे स्वाभाविकच होते. शब्दांच्या कसरतीत भाव हरवतो, संस्कृत समासांनी मराठी जड होते, हे ते आक्षेप. त्यांत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पंतांच्या कित्येक आर्या टीकेशिवाय आज उलगडत नाहीत. तरीही शाहीर रामजोशी यांनी कीर्तनांतून त्या लोकांपर्यंत नेल्या, परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ च्या ‘नवनीता’त त्यांना मानाचे स्थान दिले आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त पंतांची बाजू हिरीरीने मांडली. ज्ञानेश्वरांची ओवी, तुकोबांचा अभंग आणि वामनपंडितांचा श्लोक यांच्या पंगतीत मोरोपंतांची आर्या बसली ती कायमची.

आक्षेपांना खरे उत्तर मात्र पंतांनी स्वतःच देऊन ठेवले होते. उतारवयात त्यांनी ‘केकावली’ लिहिली. केका म्हणजे मोराचा टाहो. येथेही आपल्या नावावरचा श्लेष त्यांनी सोडलेला नाही, पण पृथ्वी वृत्तातील या श्लोकांत करामत मागे सरते आणि देवापुढे उभा राहिलेला एक थकलेला, आर्त माणूस समोर येतो. पापी असलो तरी तुझाच आहे, मग विलंब का, असा लडिवाळ तगादा तो लावतो. आयुष्यभर अक्षरांना शिस्त लावली होती, म्हणूनच या आर्ततेला नेमका शब्द मिळाला, असे म्हणावेसे वाटते.

१५ एप्रिल १७९४ रोजी बारामतीस मोरोपंतांचे निधन झाले. शब्दकोडे सुटल्यावर कागद बाजूला पडतो, पंतांचे मात्र तसे झाले नाही. अटी घालून त्यांनी शब्द शोधले आणि त्या शोधात मराठीचे भांडार किती मोठे आहे, हे मराठी माणसाला दाखवून दिले. आज मराठी शब्द न आठवल्याने आपण वाक्यावाक्याला इंग्रजीचा आधार घेतो. त्या काळात हा मयूर रामाचे नाव न घेताही संपूर्ण रामायण मराठीत सांगून गेला.