पेट्रोलवरच्या रस्ते उपकराची कल्पना मांडणारे बॅ. जयकर कोण होते?

पेट्रोल-डिझेलच्या दरात रस्त्यांसाठीचा उपकर असतो. त्याचे मूळ बॅ. मुकुंद रामराव जयकर यांच्या समितीत आहे. १८७३ मध्ये जन्मलेले जयकर मुंबईतले नामवंत वकील. ते आधी स्वराज पक्षातर्फे मुंबई प्रांताच्या विधिमंडळात होते; नंतर ते केंद्रीय विधिमंडळात गेले.

पेच काय होता?
मोटारी वाढत होत्या; रस्ते मात्र प्रांत आणि स्थानिक संस्थांकडे होते आणि त्यांच्याकडे पैसा नव्हता. १९२७ मध्ये नेमलेल्या जयकर समितीने पुढच्याच वर्षी तोडगा सुचवला : पेट्रोलवर जादा शुल्क घ्या आणि तो पैसा वेगळा ठेवून रस्त्यांवरच खर्च करा. १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. त्यातला बहुतांश वाटा प्रांतांना पेट्रोलच्या खपानुसार मिळे.

पुढे काय झाले?
जयकर १९३७ मध्ये फेडरल कोर्टाचे न्यायाधीश, तर १९४८ मध्ये पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले. २००० मध्ये या निधीसाठी स्वतंत्र कायदा आला. २०१८ च्या दुरुस्तीने मात्र इतर पायाभूत सुविधांनाही त्यात वाटा मिळाला. रस्त्यांचा पैसा रस्त्यांनाच, ही जयकरांची अट तिथे सैल झाली.