सेवासदनच्या रमाबाई रानडे



नांदेडच्या देगलूर नाक्यावर किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास फिरताना आपण एक दृश्य नेहमी पाहता. गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात, मोटार वाइंडिंगच्या टपरीत चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा उस्तादाच्या हाताखाली काम शिकत असतो. दोन-चार वर्षे तो शिव्या खातो, चहा आणतो, पाने-स्पॅनर पुसतो, आणि एक दिवस स्वतः उस्ताद होतो. शागिर्दीची ही परंपरा आपल्या समाजाची दौलत आहे. पण याच घरातली मुलगी कोणाची शागीर्द होते? ती घरात बसून ब्लाउजला काज-बटण करते, नगाप्रमाणे मिळेल ते घेते आणि लग्न ठरेपर्यंत वाट पाहते. तिच्या हातात कसब असते. पण त्या कसबाला ना उस्ताद, ना सनद, ना पगार.

हा प्रश्न नवा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यातील एका विधवा स्त्रीने तो ओळखला आणि आपल्या परीने सोडवून दाखविला. त्या स्त्रीचे नाव रमाबाई रानडे. त्यांची जीवनकहाणी आज आपणासमोर ठेवीत आहे.

रमाबाईंचा जन्म 1862 साली देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. माहेरी मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नव्हती. 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न पुण्याचे न्यायाधीश महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. पती एकतीस वर्षांचे, मोठे विद्वान आणि समाजसुधारक. पत्नीला पाटीवर अक्षरही गिरवता येत नव्हते. हा विवाह रानड्यांनी वडिलांच्या आग्रहाखातर केला होता. पण एकदा ही मुलगी घरात आल्यावर तिला शिकविणे हे आपले कर्तव्य आहे, असे त्यांनी मानले. ते स्वतः तिला शिकवू लागले. आधी मराठी, मग इंग्रजी.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचले नाही. सून पुस्तक घेऊन बसते, म्हणून टोमणे सुरू झाले. दिवसा घरकाम, संध्याकाळी अबोला आणि रात्री अभ्यास असा त्यांचा क्रम होता. रमाबाईंनी उलट उत्तर केले नाही, आणि पुस्तकही खाली ठेवले नाही. विद्यार्थिनींनो, घरच्यांचा मान राखून आपला हट्ट कसा टिकवावा, याचा हा धडा आपणही लक्षात ठेवावा.

पुढे त्या सभा-संमेलनांत बोलू लागल्या. 1904 साली मुंबईत भरलेल्या महिला परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. मात्र त्याआधीच त्यांच्यावर आकाश कोसळले होते. 1901 च्या जानेवारीत न्यायमूर्तींचे निधन झाले. त्या काळी विधवेने कोपऱ्यात बसावे, असाच शिरस्ता होता. काही काळ त्याही घराबाहेर पडल्या नाहीत. पण नंतर त्यांनी येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटणे सुरू केले, आणि स्वतःच्या दुःखाहून मोठी दुःखे जगात आहेत हे पाहिले.

1908 साली मुंबईत सेवासदन स्थापन झाले. बेहरामजी मलबारी हे पारशी गृहस्थ आणि दयाराम गिडुमल हे सिंधी गृहस्थ त्याचे प्रवर्तक होते, आणि अध्यक्षपद त्यांनी रमाबाईंकडे दिले. दुसऱ्याच वर्षी, 1909 साली, पुण्यात रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात पुणे सेवासदनाचे काम सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर हे त्या कामात त्यांचे मोठे आधार होते.

सेवासदनाचे वैशिष्ट्य काय? मुलींना लिहा-वाचायला शिकविणाऱ्या शाळा पुण्यात आधीही होत्या. रमाबाईंनी त्याच्या पुढचा विचार केला. शिकलेल्या स्त्रीच्या हाताला काम नसेल, तर ती भावाच्या किंवा दिराच्या दारात आश्रितच राहणार, हे त्यांनी ओळखले. म्हणून तेथे शिवणकामाचे वर्ग निघाले, शिक्षिका तयार करणारे अध्यापिका विद्यालय निघाले, आणि सर्वांत कठीण असे एक काम हाती घेतले गेले. ते म्हणजे परिचारिकांचे, म्हणजे नर्सचे शिक्षण.

हे कठीण का होते, ते समजून घ्या. परक्या माणसाची शुश्रूषा करणे, कोणत्याही जातीच्या रुग्णाला हात लावणे, रात्रपाळी करणे, या साऱ्यामुळे नर्सचे काम हलके मानले जाई. चांगल्या घरची मुलगी दवाखान्यात रात्र काढणार कशी, हा प्रश्न तेव्हाचे आईबापही विचारीत. रमाबाईंनी त्या भीतीची थट्टा केली नाही. तिला उत्तर दिले. बगदादहून आलेल्या ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्यात ससून रुग्णालय उभे होते. तेथे प्रत्यक्ष रुग्णांच्या खाटेशी मुलींना काम शिकण्याची व्यवस्था सेवासदनाने केली. राहण्यासाठी वसतिगृह दिले. मुलीच्या अब्रूची हमी रमाबाईंच्या नावाने मिळाली. उस्ताद, निवारा आणि सनद या तिन्ही गोष्टी एका छताखाली आल्या, तेव्हा आईबापांची भीती हळूहळू ओसरली.

एका बक्षीस-समारंभाचा प्रसंग आवर्जून सांगण्यासारखा आहे. केशवपन केलेली, तांबडे आलवण डोक्यावरून घेतलेली एक विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. प्रेक्षकांत बसलेल्या शिकल्या-सवरल्या विद्यार्थ्यांनी तिची टर उडविली. समारोपाला रमाबाई उठल्या. ज्यांना दुःखी स्त्रीची कणव नाही, त्यांना सुशिक्षित कसे म्हणावे, असा जाब त्यांनी त्या तरुणांना विचारला. सभा स्तब्ध झाली.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी पुण्यात मुलांबरोबर मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे म्हणून चळवळ केली, आणि मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताचा हक्क मिळावा यासाठीही झटल्या. 1910 साली त्यांनी पतीच्या सहवासातील आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. ते आजही वाचले जाते. 1924 साली त्यांचे निधन झाले. 1962 साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

कोणी म्हणेल, ही पुण्याची गोष्ट. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि आपल्या समाजाची रीत वेगळी. तर मग आपल्याच इतिहासात पाहा. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या काळात, इसवी सन 627 मधील खंदकच्या लढाईत जखमींची शुश्रूषा मदिनेच्या मशिदीतील एका तंबूत होत असे. त्या तंबूच्या प्रमुख हजरत रुफैदा या महिला होत्या. हजरत खदीजा (रजि.) स्वतः व्यापार करीत. 1911 साली, म्हणजे सेवासदनानंतर दोनच वर्षांनी, बेगम रुकय्या यांनी कलकत्त्यात केवळ आठ मुलींवर शाळा सुरू केली आणि घरोघरी जाऊन आईबापांना मनविले. त्याही विधवाच होत्या. तेव्हा स्त्रीच्या कामाला आपली रीत आडवी येते, असे म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे.

आज रमाबाईंइतके झगडण्याची गरज नाही. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. शिकता शिकता विद्यावेतन दोघांनाही मिळते. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि कॉम्प्युटरचे ट्रेड मुलींनाही खुले आहेत. परिचर्येचा जीएनएम अभ्यासक्रम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दार उघडे आहे. उंबरठा मात्र आपल्या घरचा आहे.

पालकहो, आपली भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. येण्या-जाण्याची सोय विचारा, वसतिगृह स्वतः जाऊन पाहा, तेथील बाईंना भेटा. रमाबाईंनीही आईबापांना हेच करू दिले होते. पण चौकशी करून झाल्यावर मुलीला घरी बसवू नका. मुलगा गॅरेजमध्ये लागला की आपण उस्तादाला भेटून येतो आणि बेटा, मन लावून काम शीक, असे सांगतो. यंदा दहावी-बारावीचा निकाल लागेल, तेव्हा तेच शब्द एकदा बेटीलाही सांगून पाहा.