संत नामदेव : भक्तिसमुदाय घडवणारे नेतृत्व

संत नामदेवांचा विचार आपण बहुधा अभंगकार म्हणून करतो. या पाठात त्यांच्या चरित्राकडे वेगळ्या बाजूने पाहायचे आहे. एखादा भक्तिसमुदाय निकोप राहतो तो कशामुळे आणि त्यात त्याच्या अग्रणीच्या वर्तनाचा वाटा किती, हा प्रश्न मनात ठेवून पुढील विवेचन वाचा.

नामदेवांचा जन्म शके 1192 मध्ये, म्हणजे इ.स. 1270 मध्ये झाला. वडील दामाशेटी, आई गोणाई, कुळ शिंप्याचे. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील कयाधू नदीकाठचे नरसी हे त्यांचे जन्मगाव मानले जाते. काही अभ्यासक हा मान पंढरपूरला देतात. विठ्ठलाचे लाडके भक्त आणि रसाळ कीर्तनकार म्हणून त्यांची कीर्ती तरुणपणीच पसरली. अशा व्यक्तीभोवती लोक जमतात, स्तुती वाढते आणि तिचे उणे तिला सांगणारे कोणी उरत नाही. समुदायाच्या ऱ्हासाला पुष्कळदा येथूनच प्रारंभ होतो.

नामदेवांच्या वाट्याला मात्र सांगणारे आले. संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबा कुंभारांनी थापटण्याने प्रत्येकाचे डोके थोपटून पाहिले, अशी कथा परंपरेने जपली आहे. इतर संत शांत राहिले; नामदेव रागावले आणि गोरोबांनी त्यांचे मडके कच्चे ठरवले. ही कथा इतिहास म्हणून तपासण्यापूर्वी तिची रचना लक्षात घ्या. वयाने लहान असलेली मुक्ताबाई प्रश्न उपस्थित करते, कुंभार निर्णय देतो आणि नामवंत कीर्तनकाराला तो ऐकून घ्यावा लागतो. नामदेव दुखावले, विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले. पण संतमेळा सोडून त्यांनी वेगळा पंथ काढला नाही. ते औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे गेले. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांचे पाय हलवावेत तेथे पिंडी दिसू लागली आणि देव एका स्थानात मावत नाही, हे त्यांना उमगले.

याच औंढ्याची आणखी एक आख्यायिका आहे. देवळासमोरून उठवलेले नामदेव मागील बाजूस जाऊन कीर्तन करू लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत. त्यांतील एका पदातही जातीमुळे झालेला हा अपमान आणि देऊळ फिरल्याचा प्रसंग आला आहे.

अपमान सोसलेल्या या नेत्याने पुढे काय केले, ते पाहा. वारकरी परंपरेत कीर्तनाची प्रथा रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. चंद्रभागेच्या वाळवंटात होणाऱ्या कीर्तनाला गर्भगृहाच्या परवानगीची गरज नव्हती. त्यांच्या घरात दासी म्हणून राबणाऱ्या जनाबाई स्वतंत्र अभंगकर्त्या झाल्या. आदि, तीर्थावळी आणि समाधी या अभंग-प्रकरणांतून त्यांनी ज्ञानदेवांचे चरित्र गायिले. दुसऱ्याचे मोठेपण सांगण्यात त्यांना उणेपणा वाटला नाही.

त्यांच्या नेतृत्वाची खरी कसोटी मंगळवेढ्यात लागली. 1338 मध्ये तेथे गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली मजुरांसह संत चोखामेळा गाडले गेले. नामदेव तेथे गेले, चोखोबांच्या अस्थी शोधून पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. ज्याचा स्पर्शही समाज टाळत होता, त्याच्या अस्थी नामदेवांनी स्वतः वाहिल्या. समुदायात कोण आपले, हे त्यांनी कृतीने दाखवून दिले.

परंतु येथेच या नेतृत्वाची मर्यादाही दिसते. चोखोबांची समाधी दाराबाहेरच राहिली. संतमेळ्याची रीत बदलली, मंदिराची बदलली नाही. अस्पृश्य ठरवलेल्या जातींसाठी विठ्ठलमंदिराचे दार उघडले ते 1947 मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. संतांना पूज्य मानणाऱ्या समाजाने त्यांचे वर्तन स्वीकारण्यास सहा शतके घेतली.

उत्तरायुष्यात नामदेवांनी पंजाबात दीर्घकाळ वास्तव्य केले. तेथील घुमान हे गाव आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. परंपरेनुसार 1350 मध्ये पंढरपुरात त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी महाद्वाराच्या पायरीशी आहे, येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांची पायधूळ लागावी अशा जागी. समोरच चोखोबांची समाधी आहे.

विचार करा : तुम्ही ज्या भजनी मंडळात, संस्थेत किंवा समाजमंडळात वावरता, तेथे अग्रणीची चूक दाखवण्याची मोकळीक सर्वांत लहान सदस्याला आहे काय? नामदेवांच्या चरित्रातील कोणत्याही दोन प्रसंगांच्या आधारे दहा ओळींत उत्तर लिहा.