अध्याय १३, श्लोक ९ : दामोदरची आई



आज तेराव्या अध्यायातला नववा श्लोक. ज्ञान कशाला म्हणायचं याची यादी भगवंत अर्जुनाला सांगत आहेत आणि आज त्या यादीत अशी ओळ येते की संसारी माणूस थबकतोच. मुलगा, बायको, घरदार यांची आसक्ती नको, त्यांच्यात गुरफटणं नको. मनासारखं घडो की मनाविरुद्ध, चित्त सारखंच राहू दे. माऊलींनी इथे वाटसरूचा दाखला दिला आहे. वाटेत झाडाची सावली मिळाली तर वाटसरू तिच्यात बसतो, पण ती आपली म्हणून तिच्यात अडकून पडत नाही. ज्ञानी माणूस घरात तसा राहतो.

ऐकायला छान वाटतं. पण ज्या घरात मूल गेलंय त्या घरी हाच श्लोक सांत्वन म्हणून सांगितला जातो, तेव्हा तो टोचतो. गुंतायचंच नसेल तर मग आई व्हायचं तरी कशाला? म्हणून आज शब्दार्थ बाजूला ठेवून एका आईचं चरित्र सांगतो. झाशीची राणी लक्ष्मीबाई. तिची तलवार आपल्याला शाळेपासून माहीत आहे. आज तिच्या पाठीवरच्या मुलाबद्दल बोलू.

सुरुवात आमच्या कर्जतपासूनच होते. कर्जतजवळ वेणगाव आहे. तिथल्या भट घराण्यात १८२४ मध्ये एक मुलगा जन्मला. शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव तेव्हा राज्य गमावून गंगेकाठी बिठूरला राहत होते. लग्नं बरीच झाली, पण वंश चालवायला मुलगा राहिला नाही. १८२७ मध्ये त्यांनी वेणगावच्या या मुलाला दत्तक घेतलं. तेच नानासाहेब पेशवे.

त्याच बिठूरच्या आश्रयाला मोरोपंत तांबे आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी काशीत जन्मलेली, नाव मणिकर्णिका, घरात मनू. आई भागीरथीबाई ती लहान असतानाच गेली होती. म्हणजे मनू वाढली ते घर कसं होतं बघा. तिला स्वतःला आई नव्हती, आणि वाड्याचा वारस दुसऱ्या आईच्या पोटचा होता. रक्ताचं नातं नसतानाही माणसं एकमेकांची होतात, हे तिला कोणी शिकवायची गरजच नव्हती.

१८४२ मध्ये तिचं लग्न झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी झालं आणि मनूची लक्ष्मीबाई झाली. गंगाधररावांची पहिली पत्नी वारली होती, मूल नव्हतं. १८५१ मध्ये लक्ष्मीबाईंना मुलगा झाला. नाव ठेवलं दामोदर. सगळ्या झाशीला आनंद झाला. आणि काही महिन्यांतच बाळ गेलं.

चरित्रात हे एका वाक्यात येतं आणि पुढच्या वाक्यात राजकारण सुरू होतं. मी मात्र इथे नेहमी अडकतो. आमच्या घरी दोन वेळा असं झालं, पहिल्यांदा तिसऱ्या महिन्यात, दुसऱ्यांदा पाचव्या. त्या काळात भेटायला आलेली माणसं चांगल्या मनाने दोनच गोष्टी सांगायची. एक, गुंतू नका. दुसरी, महडला जाऊन या. खालापूर तालुक्यातलं महड म्हणजे अष्टविनायकातला वरदविनायक. माघी उत्सवात तिथला नारळाचा प्रसाद घेतला की मूल होतं, अशी आमच्या भागात श्रद्धा आहे. आम्ही गेलो, प्रसाद घेतला. बाप्पाने काय ऐकलं आणि काय दिलं ते पुढे सांगतो.

मुलगा गेल्यावर गंगाधररावांची तब्येत ढासळत गेली. १८५३ च्या नोव्हेंबरमध्ये आशा उरली नाही, तेव्हा त्यांनी नात्यातल्या वासुदेवराव नेवाळकरांचा पाच वर्षांचा मुलगा आनंदराव मागितला. २० नोव्हेंबरला विधिपूर्वक दत्तविधान झालं. पुढे कोणी शंका काढू नये म्हणून कंपनीचे अधिकारी मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन यांना समोर बसवलं होतं. मुलाचं नाव बदलून ठेवलं दामोदर. दुसऱ्या दिवशी गंगाधरराव वारले.

गेलेल्या बाळाचंच नाव. यावर मी खूप विचार केलाय. वरवर पाहिलं तर वाटतं, एकाची जागा दुसऱ्याने भरून काढली. पण दत्तविधानात काय होतं ते बघा. जन्म देणारा बाप आपल्या हाताने मूल देतो, घेणारा ते मांडीवर घेतो, आणि त्या क्षणापासून ते त्या कुळातलं मूल होतं. देणाऱ्याने आपलं म्हणणं सोडायचं आणि घेणाऱ्याने रक्ताचा हट्ट सोडायचा. दोन्ही बाजूंनी सोडल्याशिवाय हा विधी पुराच होत नाही. अनासक्तीचा याहून उघड संस्कार मला तरी माहीत नाही.

हे सगळं कंपनी सरकारला समजत नव्हतं असं नाही. दत्तकावरचे ‘दत्तकमीमांसा’ आणि ‘दत्तकचंद्रिका’ हे ग्रंथ १८२१ मध्येच इंग्रजीत आले होते आणि कंपनीच्या कोर्टात वापरले जायचे. तरी लॉर्ड डलहौसीने १८५४ मध्ये झाशी खालसा केली. युक्तिवाद असा की दत्तक मुलगा खाजगी मालमत्तेचा वारस होऊ शकतो, गादीचा नाही. वेणगावच्या मुलाचंही असंच झालं होतं. १८५१ मध्ये बाजीराव वारले आणि त्यांची वर्षाची आठ लाखांची पेन्शन नानासाहेबांना नाकारली गेली.

राणीने लगेच तलवार उचलली नाही. आधी अर्ज केले. शेजारच्या दतिया आणि ओरछा संस्थानांत दत्तक वारस मान्य झाले होते, ते दाखले दिले. जॉन लँग नावाच्या वकिलाला बोलावलं. तो पडद्याबाहेर बसून बोलत असताना छोट्या दामोदरने पडदा बाजूला केला आणि लँगला राणी क्षणभर दिसली, असं त्याने नंतर लिहून ठेवलंय. एवढ्या मोठ्या खटल्याच्या मधोमध ते पोर आपलं पडद्याशी खेळत होतं! ज्याच्या हक्कासाठी हे सगळं चाललं होतं, त्याला त्याची आई फक्त आई म्हणून माहीत होती.

अर्ज फेटाळले गेले. राणीला महिना ५००० रुपये पेन्शन ठरली. गंगाधररावांची काही लाखांची शिल्लक दामोदरच्या नावाने, तो सज्ञान होईपर्यंत, सरकारने आपल्याकडे ठेवली. मग मुंजीची वेळ आली. त्याच्याच पैशांतले एक लाख रुपये राणीने मुंजीसाठी मागितले, तर सरकारने जामीन मागितले. तिने जामीन आणून दिले आणि मुंज केली. वारस म्हणून सरकार मानो न मानो, आई म्हणून जे करायचं ते तिने केलं.

इथे आमच्याबद्दल सांगतो. ‘कारा’च्या पोर्टलवर नोंदणी केली, घरी भेट देऊन अहवाल झाला, वर्षं गेली आणि चौदा महिन्यांची आमची लेक घरी आली. आज कायदा स्पष्ट आहे. दत्तक मूल सर्व बाबतींत पोटच्या मुलासारखंच. पण कागद स्पष्ट झाला म्हणून माणसं होत नाहीत. पहिल्या सत्यनारायणाला संकल्प सांगताना नात्यातल्या एका काकांनी हळूच विचारलं, हिचं गोत्र काय सांगायचं? प्रेम करा, शिकवा, मोठं करा, पण कुळात धरायचं का? डलहौसीचा प्रश्न थोड्या गोड आवाजात. आमच्या गुरुजींनी मान वर न करता आमचं गोत्र उच्चारलं, तिच्या हातात अक्षता दिल्या आणि पूजा पुढे चालू केली. महडच्या नारळाचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. वर मागणं आपल्या हातात असतं, तो कुठल्या वाटेने येईल ते नसतं.

आता पुन्हा झाशी. जून १८५७ मध्ये तिथल्या शिपायांनी उठाव केला आणि किल्ल्यात आसऱ्याला गेलेले इंग्रज बायकामुलांसकट मारले गेले. मुलं कुणाचीही असोत, तो भाग वाचवत नाही. त्यानंतर कमिशनर अर्स्किनने, इंग्रज परत येईपर्यंत कारभार बघावा असं राणीलाच कळवलं. ती तो दामोदरच्या वतीने बघू लागली. व्यायाम, घोडदौड, मग स्नान, पूजा, पुराणश्रवण, महालक्ष्मीचं दर्शन आणि दरबार. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला. एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडलं आणि एका रात्री ती दामोदरला पाठीशी बांधून किल्ल्याबाहेर पडली.

या वेढ्यात आपल्याच बाजूचा एक माणूस अडकला होता. खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरची ओढाताण म्हणून यज्ञाची दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांचं ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून आलं. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांची आणि राणीची गाठ पडली. अंगावर पठाणी वेश, सगळीकडे धूळ, तहानेने व्याकूळ. भटजी पाणी काढून द्यायला पुढे झाले, तर तिने विद्वान ब्राह्मणाकडून पाणी काढून घ्यायला नको म्हटलं आणि स्वतःच काढलं. मग ती जे बोलली त्याचा आशय असा, की माझी स्वतःची गरज म्हणाल तर अर्धा शेर तांदळाची. मला विधवेला या उद्योगात पडायचं काही कारण नव्हतं. धर्म म्हणून पडले.

मंडळी, आजच्या श्लोकाचा अर्थ मला या विहिरीपाशी लागतो. जिने एका मुलासाठी अर्ज केले, जामीन दिले, राज्य पणाला लावलं आणि त्याला पाठीशी बांधून घोडा फेकला, तिला स्वतःसाठी अर्धा शेर तांदूळ पुरत होते. आसक्ती नको म्हणजे माया नको, असं भगवंत म्हणत नाहीत. मुलगा माझ्या वंशासाठी, माझ्या म्हातारपणासाठी, चारचौघांतल्या माझ्या मानासाठी, ही जी आत लपलेली मागणी असते ना, ती नको. ती गेली की प्रेम कमी होत नाही, उलट सगळंच्या सगळं मुलाच्या वाट्याला येतं. वाटसरू सावलीवर हक्क सांगत नाही हे खरंच, पण कुऱ्हाड घेऊन कोणी आलं तर तो झाडापुढे उभा राहू शकतो.

जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ लढताना राणी गेली. दामोदर तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. तिची विश्वासू माणसं त्याला घेऊन जवळजवळ दोन वर्षं रानावनात लपत फिरली. पुढे तो इंदूरला राहिला, इंग्रजांनी ठरवलेल्या पेन्शनवर. झाशी मिळाली नाही, त्याच्या नावाची ती रक्कमही नाही. १९०६ मध्ये तो वारला. पण राणीच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच इंग्रज सरकारने संस्थानिकांना दत्तक वारस घेण्याच्या सनदा दिल्या. जे तिला एका मुलासाठी नाकारलं, ते शेकडो घरांना मिळालं. फळ तिच्या पदरात पडलं नाही, पण दामोदरला कायम आपली आई कोण हे माहीत होतं.

आज दिवसभरात एवढंच करून बघा. आपल्या ज्या माणसावर सगळ्यात जास्त जीव आहे, त्याच्याकडून आपल्याला गुपचूप काय हवंय ते शोधा. सापडलं की देवापुढे ठेवा. माणूस ठेवायचा नाही, मागणी ठेवायची.

आणि ज्यांच्या घरी पाळणा रिकामा राहिलाय, त्यांच्यासाठी आज एक माळ जास्त करू. त्यांना उपदेश नको. नुसतं जवळ बसा.

उद्या दहावा श्लोक. राम कृष्ण हरी.