विटाळ मनातला : लक्ष्मीबाई टिळक यांचे जीवन

एखाद्याच्या हातचे पाणी नकोसे वाटते, एखाद्याला पाहताच कपाळावर आठी उमटते, तेव्हा हा आपला स्वभावच आहे असे आपण समजतो आणि स्वभावाला औषध नाही असे म्हणून मोकळे होतो. परंतु ज्याला आपण स्वभाव म्हणतो तो पुष्कळदा वारशाने आलेला विचार असतो. विचार तपासता येतो आणि बदलताही येतो. 'स्मृतिचित्रे'च्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक यांचे जीवन याची साक्ष देते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. १८५७ च्या धामधुमीत एका आप्ताला फाशी झाली. तेव्हापासून त्यांच्या वडिलांच्या मनात विटाळाची जबरदस्त धास्ती बसली. बाजारातून आणलेले मीठ-साखरसुद्धा त्या घरात धुऊन घेतले जाई. वडिलांची ती भीती सोवळ्याच्या रूपाने मुलीच्या अंगात भिनली.

अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचा विवाह कवी नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. १८९३ च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला जात असता आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तो लोहमार्ग आपल्या भंडारा जिल्ह्यातून जातो, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. १८९५ साली टिळकांनी मुंबईत स्नानसंस्कार स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली. पुढे त्या पतीकडे आल्या, तरी चूल निराळी आणि पाणी निराळे. पतीवर प्रेम होते, पण त्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते.

मग एके दिवशी त्यांनी आपल्या मनालाच जाब विचारला. पशुपक्ष्यांच्या जाती डोळ्यांना दिसतात. माणसामाणसांत देवाने तसा कोणता भेद केला आहे? स्त्री आणि पुरुष यांपलीकडे त्यांना काही आढळेना. जातिभेद देवाचा नव्हे, माणसाचा, असे पटताच त्यांनी यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. त्यांना कोणी सक्ती केली नव्हती, पतीनेही नाही. १९०० साली त्यांनी स्नानसंस्कार घेतला. पुढे दुष्काळातील अनाथ मुलांना त्यांनी पोटाशी धरले आणि पतीच्या निधनानंतर त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पूर्ण केले. १९३६ साली त्यांचे देहावसान झाले.

त्यांचा पंथ आपल्याहून निराळा होता. परंतु मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूने दिलेला धडा त्यांनी स्वयंपाकघरात गिरवला. माणसाला बाहेरचे अन्न भ्रष्ट करीत नाही, अंतःकरणातून निघणारे दुष्ट विचार भ्रष्ट करतात, हाच तो धडा होय.

आम्हांला येथे दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. लक्ष्मीबाईंनी भावनेशी झुंज घेतली नाही. त्या भावनेच्या मुळाशी असलेला विचार शोधला. आणि विचार पटल्यावर त्यांनी आचरण लांबणीवर टाकले नाही. पाण्याच्या एका पेल्याने जुनी सवय मोडते, नुसत्या चिंतनाने मोडत नाही.

आपल्या धर्मग्रामांतही सणाच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो, सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, हे आपण जाणतो. आज रात्री विवेकाचे परीक्षण करताना, ज्या व्यक्तीविषयी मन आखडते तिचे नाव प्रभूपुढे घ्यावे. हा विचार आपल्या मनात कोणी पेरला, असे स्वतःला विचारावे. आणि उद्या तिच्या घरी जाऊन पाणी मागावे.